ग्रंथालयशास्त्र तटस्थ आहे, असं कोण म्हणतं?

कॉलेजच्या ग्रंथालयात मराठी कादंबरीच्या कण्यावर चिकटवलेली चिठ्ठी पाहा. तिच्यावर ८९१.४६३ हा वर्गांक असतो. इंग्रजी कादंबरीवर नुसता ८२३. दोन्ही आकडे ड्युई दशांश वर्गीकरणातले. या पद्धतीत ८०० म्हणजे साहित्य. त्यातलं ८१० अमेरिकेच्या इंग्रजी साहित्याचं, ८२० इंग्लंडच्या, ८३० जर्मन, ८४० फ्रेंच, ८५० इटालियन, ८६० स्पॅनिश, ८७० लॅटिन, ८८० ग्रीक. उरलेलं सगळं जग ८९० मध्ये. त्या उरलेल्यात संस्कृत आहे, अरबी आहे, चिनी आहे, टॉलस्टॉयची रशियनसुद्धा आहे, आणि तिथेच दशांशचिन्हानंतर मराठी येते.

चिठ्ठी लावणाऱ्या ग्रंथपालाच्या मनात मराठीबद्दल आकस नसतो. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, शिकवलं तसं तो करतो. शिकवणाऱ्यांनाही तसंच शिकवलेलं असतं. ग्रंथालयशास्त्रात विचारसरणी साधारण अशीच काम करते, कुणी मुद्दाम काही न करता.

विचारसरणी म्हटलं की आपल्याला झेंडे, मोर्चे आणि निवडणुका आठवतात. इथे अर्थ त्याहून साधा आहे. ज्या गोष्टी सांगायची गरजच वाटत नाही, ज्या गृहीत धरूनच बोलणं सुरू होतं, त्या सगळ्या मिळून विचारसरणी. ग्रंथालयशास्त्राची विद्वत्चर्चा म्हणजे पाठ्यपुस्तकं, नियतकालिकांतले लेख, परिषदांतले निबंध, अभ्यासमंडळांचे अभ्यासक्रम आणि वर्गीकरणाचे तक्तेसुद्धा. कोणता प्रश्न ‘शास्त्रीय’ आणि कोणता ‘राजकीय, म्हणून आपला नव्हे’, हे या चर्चेत आधीच ठरून गेलेलं असतं. ते कोण ठरवतं, हा या लेखाचा विषय.

मेल्विल ड्युईने आपली पद्धत १८७६ साली छापली, तेव्हा तो अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजात होता. (डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे ते जॉन ड्युई. हा वेगळा. आडनावामुळे गोंधळ होतो, म्हणून सांगितलं.) ॲमहर्स्ट हे ख्रिस्ती वातावरणातलं कॉलेज. त्याच्या ग्रंथालयात धर्म या विषयावरची बहुतेक पुस्तकं ख्रिस्ती धर्माची असणार हे उघड होतं. त्यामुळे २०० या धर्माच्या वर्गात २२० ते २८० एवढी ऐसपैस जागा बायबल, ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि चर्चच्या इतिहासाला मिळाली. जगातल्या बाकीच्या धर्मांना मिळून २९०. आजही हिंदू धर्म २९४.५, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, शीख २९४.६, इस्लाम २९७.

एका कॉलेजच्या कपाटांसाठी ही सोय वाजवी होती. अडचण आली ती पद्धत जगभर गेल्यावर. न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका कॉलेजची सोय ‘ज्ञानाची मांडणी’ म्हणून शिकवली जाऊ लागली. १९९६ च्या एकविसाव्या आवृत्तीत थोडी दुरुस्ती झाली. तोवर धर्माविषयीच्या सर्वसाधारण विवेचनाच्या २०१ ते २०९ या जागाही ख्रिस्ती धर्माकडे होत्या, त्या काढून घेतल्या. म्हणजे एकशे वीस वर्षं ‘सर्वसाधारण धर्म’ आणि ‘ख्रिस्ती धर्म’ यांत फरक करायची गरज तक्त्याला फारशी वाटली नव्हती. हिंदू धर्मावरच्या पुस्तकांनी कपाटंच्या कपाटं भरलेल्या आपल्याकडच्या ग्रंथालयांतही हा लांब शेपटीचा आकडा निमूटपणे लिहिला गेला. स्थानिक गरजेप्रमाणे बदल करण्याचे पर्याय खुद्द ड्युई पद्धतीत आहेत. ते किती ठिकाणी वापरले जातात, हे आपापल्या ग्रंथालयात जाऊन बघावं.

यावर आपल्याकडे झटकन उत्तर येतं, ‘म्हणूनच रंगनाथन हवेत.’ शियाली रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. मूळचे ते गणिताचे प्राध्यापक. ग्रंथालयशास्त्राचे त्यांचे पाच नियम १९३१ मध्ये आले आणि कोलन, म्हणजे द्विबिंदू, वर्गीकरण १९३३ मध्ये. विषयाचे तुकडे पाडून ते विरामचिन्हांनी जोडायची त्यांची कल्पना खरोखरच प्रतिभेची आहे. पण त्यांच्या तक्त्यातला धर्माचा वर्ग उघडून बघा. आधी वैदिक हिंदू धर्म, मग वेदोत्तर हिंदू धर्म, मग जैन, बौद्ध, यहुदी, ख्रिस्ती आणि सातवा इस्लाम. शिवाय मुख्य वर्गांच्या रांगेच्या मधोमध अध्यात्म आणि गूढानुभवासाठी एक स्वतंत्र वर्ग, ग्रीक डेल्टा अक्षराच्या खुणेचा. ॲमहर्स्टमधल्या माणसाला असा वर्ग सुचला नसता आणि मद्रासमधल्या माणसाला तो वगळवला नसता.

सोव्हिएत संघात १९६० च्या दशकात जे राष्ट्रीय वर्गीकरण तयार झालं, त्याचा पहिला वर्ग होता मार्क्सवाद-लेनिनवाद. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तक्ते पुन्हा बसवावे लागले. चीनच्या १९७५ च्या वर्गीकरणात पहिलं स्थान मार्क्स, लेनिन आणि माओ यांच्या विचारांचं, आणि ते आजही तिथेच आहे. पंगतीत मानाचं पहिलं पान कुणाला, हे जेवण कुणाच्या घरी आहे त्यावर ठरतं. फरक एवढाच की मॉस्को आणि बीजिंगने ते उघड सांगितलं. ॲमहर्स्टने सांगितलं नाही, आणि आपण विचारलंही नाही. माझ्या मते तक्ता बनवताना कुणाला तरी पहिलं बसवावंच लागतं, त्यामुळे क्रम लावल्याबद्दल दोष द्यायचं कारण नाही. हा क्रम निसर्गाने लावून दिलाय अशा थाटात तो शिकवणं मात्र दोषास्पद आहे.

पहिलं पान हा एक भाग झाला. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून डोरोथी पोर्टर कृष्णवर्णीयांविषयीचा संग्रह सांभाळत होत्या. कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक आलं की इतर ग्रंथालयांत ते दोनांपैकी एका आकड्यावर टाकलं जाई. ३२६, म्हणजे गुलामगिरी, नाहीतर ३२५, म्हणजे वसाहतीकरण. पुस्तक कवितेचं असलं तरी. पोर्टर यांनी ते झुगारलं आणि कविता कवितेत, इतिहास इतिहासात नेऊन ठेवला. एखाद्या समाजाने लिहिलेलं सगळं त्याच्या दुःखाच्याच कप्प्यात घालायचं, ही सवय लक्षात ठेवा. शेवटाकडे ती पुन्हा लागणार आहे.

वर्गांकाइतकीच मोठी ताकद विषयशीर्षकांत असते. संगणकावर विषय टाकून पुस्तक शोधताना जे ठरावीक शब्द चालतात, ती विषयशीर्षकं. जगातली सर्वांत जास्त वापरली जाणारी यादी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची. सॅनफर्ड बर्मन नावाचे एक अमेरिकन तालिकाकार, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणारे ग्रंथपाल, झांबियाच्या विद्यापीठात काम करत होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की या यादीत आफ्रिकी लोकांसाठी ‘काफिर’ हे शीर्षक आहे, आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात ती सरळसरळ शिवी आहे. १९७१ मध्ये त्यांनी माणसांविषयीच्या शीर्षकांची झाडाझडती घेणारं पुस्तक लिहिलं. ‘पीत संकट’, ‘ज्यू प्रश्न’ अशी शीर्षकं तेव्हा यादीत सुखाने नांदत होती. बर्मन यांचं म्हणणं सरळ होतं. ही यादी युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या, ख्रिस्ती, सुखवस्तू पुरुषाच्या खिडकीतून जग बघते आणि त्यालाच ‘वाचक’ समजते. पुढे मिनेसोटातल्या एका काउंटीच्या ग्रंथालयात तालिकाविभागाचे प्रमुख असताना त्यांनी पर्यायी शीर्षकं प्रत्यक्ष वापरून दाखवली आणि वर्षानुवर्षं पत्रं लिहून लायब्ररी ऑफ काँग्रेसला भंडावलं. त्यांच्या सूचनांपैकी बऱ्याच पुढे स्वीकारल्या गेल्या.

या मामल्यात राजकारण किती आत शिरू शकतं, हे २०१४ नंतर सगळ्यांनी पाहिलं. डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘बेकायदा परकीय’ हे शीर्षक बदलावं अशी मागणी केली. कागदपत्रांशिवाय अमेरिकेत राहणाऱ्या माणसांसाठी ते वापरलं जाई, आणि मागणी करणाऱ्यांत तशा घरांतली मुलंही होती. आधी नकार आला. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने पाठिंब्याचा ठराव केला आणि मार्चमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने बदल जाहीर केला. लगेच प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन सदस्य उठले. कायद्यात जो शब्द आहे तोच ग्रंथालयाने वापरावा, अशी तरतूद ग्रंथालयाला पैसा देणाऱ्या विधेयकातच घालायची हालचाल झाली. बदल लटकला. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये तोडगा निघाला. ‘परकीय’ जाऊन ‘बिगर-नागरिक’ आलं, पण त्याबरोबर ‘बेकायदा स्थलांतर’ हे शीर्षकही आलं. बदल हवा असणाऱ्यांपैकी अनेकांना हे अर्धवट वाटलं, विरोधकांना नको तितकं.

या प्रकरणात दोन्ही बाजू स्वतःला तटस्थच म्हणवत होत्या, ही गंमत आहे. एक बाजू म्हणे, कायद्यातला शब्द तोच तटस्थ. दुसरी म्हणे, माणसाला कमी न लेखणारा शब्द तोच तटस्थ. ग्रंथालयशास्त्रात तटस्थता हा इतका मानाचा शब्द आहे की भांडणसुद्धा त्याच्याच नावाने होतं.

तटस्थतेच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते आधी सांगतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्टांची शिकार चालू होती आणि पुस्तकं हटवायचा दबाव येत होता, तेव्हा ग्रंथपालांनी तटस्थतेचीच ढाल पुढे केली. ‘मी कुणाचीच बाजू घेत नाही, म्हणून हे पुस्तक काढणार नाही’ असं ठणकावण्याची सोय तिने दिली. १९३९ मध्ये असोसिएशनने ग्रंथालयांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला होता, त्याचाही आधार होता. १९७२ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक डेव्हिड बर्निंगहाउझेन यांनी बजावलं की ग्रंथपालांच्या संघटनेने व्हिएतनामसारख्या विषयांवर ठराव करायला सुरुवात केली तर ही ढाल हातची जाईल. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही.

पण याच संघटनेने १९३६ चं अधिवेशन रिचमंडमध्ये भरवलं, तेव्हा कृष्णवर्णीय प्रतिनिधींना भोजनाच्या कार्यक्रमांना मज्जाव होता आणि सभागृहात बसायला वेगळी जागा होती. अमेरिकेच्या दक्षिणेतली कित्येक सार्वजनिक ग्रंथालयं फक्त गोऱ्यांसाठी होती. त्यावर वर्षानुवर्षं उत्तर होतं, हा स्थानिक प्रशासनाचा विषय आहे. २७ मार्च १९६१ रोजी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात टूगलू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठीच्या मुख्य ग्रंथालयात गेले, पुस्तकं मागितली आणि टेबलाशी वाचत बसले. पोलिसांनी त्यांना अटक केली. त्या काळातली व्यावसायिक नियतकालिकं चाळली तर तालिकेचे नियम, इमारतींचे आराखडे, प्रौढशिक्षण यांवर रग्गड मजकूर सापडतो. ग्रंथालयाच्या दारातून कुणाला हाकललं जातंय, यावर फारच थोडा. असोसिएशनने याबद्दल औपचारिक माफी मागितली ती २०१८ मध्ये. पुढच्याच वर्षी ड्युईचं नाव आपल्या मानाच्या पदकावरून काढलं. त्याच्या लेक प्लॅसिड क्लबमध्ये ज्यूंना प्रवेश नव्हता, त्यावरून १९०५ मध्ये त्याला न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदावरून जावं लागलं होतं आणि स्त्रियांशी गैरवर्तनाच्या तक्रारीही तेव्हाच झाल्या होत्या. हे सगळं त्याच्या हयातीत माहीत होतं. पाठ्यपुस्तकांत ते यायला शंभर वर्षं लागली.

म्हणून कुठल्याही विषयाची विद्वत्चर्चा वाचताना मी आधी बघतो ती तिच्यातली रिकामी जागा. लिहिलेल्यातले पूर्वग्रह दिसतात आणि त्यांवर वाद घालता येतो. न लिहिलेल्यावर वाद घालायला मुळात कुणीतरी तिकडे बोट दाखवावं लागतं.

आता पैशाकडे वळू, कारण ‘माहितीशास्त्र’ हा विषय बऱ्याच अंशी पैशातून उभा राहिला. १९५२ मध्ये सोव्हिएत संघाने वैज्ञानिक माहिती गोळा करून तिचे सारांश काढणारी प्रचंड संस्था मॉस्कोत उभी केली. १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला धडकी भरली. आपल्या शास्त्रज्ञांना आवश्यक ती माहिती वेळेवर मिळत नाही, हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न झाला. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने यावर अहवाल दिला. संशोधनाला निधी आला आणि तो माहितीच्या साठवणीला, शोधाला, संगणकाला गेला. १९३७ पासून ‘डॉक्युमेंटेशन’ नाव मिरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने १९६८ मध्ये स्वतःच्या नावात ‘इन्फर्मेशन सायन्स’ घेतलं. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ हा नमुन्याचा वाचक झाला. नाक्यावरच्या वाचनालयात कादंबऱ्या बदलून नेणारी गृहिणी संशोधनाच्या चौकटीतून हळूहळू बाहेर गेली. तिच्यावर निबंध लिहिलात तरी निधी कोण देणार होतं?

याच शीतयुद्धाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पीएल-४८० हा अमेरिकेचा धान्यमदतीचा कायदा आपल्याकडच्या जुन्या लोकांना रेशनच्या गव्हामुळे आठवतो. त्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत चुकवत असे आणि ते रुपये इथेच साठत. त्यांतल्या काही रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यांत मराठी पुस्तकंही होती. शिकागोसारख्या विद्यापीठांत मराठीचा अभ्यास उभा राहायला या पुस्तकांची मोठी मदत झाली, हे मान्यच करायला हवं. पण त्याबरोबर मराठी पुस्तकांच्या नोंदी अमेरिकन यादीतल्या शब्दांत तयार होत गेल्या. आज आपल्याकडचा ग्रंथपाल वेळ वाचवायला नेमक्या त्याच तयार नोंदी इंटरनेटवरून उतरवून घेतो. नोंद फुकट मिळते आणि तिच्याबरोबर नजरही.

मोजमापाचंही तसंच. युजीन गारफिल्ड यांची विज्ञान उद्धरणसूची १९६४ मध्ये बाजारात आली. कोणत्या लेखाचा हवाला किती जणांनी घेतला ते ती सांगते. सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे फिलाडेल्फियात ठरे आणि ती बहुतांशी इंग्रजी असत. २०१० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणांकन पद्धतीने प्राध्यापकांच्या बढत्या लेखांच्या मोजणीला बांधल्या, आणि आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या संशोधनाला मोजणीचंच वेड लागलं. अमुक विषयावरचे तमुक वर्षांतले लेख, त्यांचे लेखक, त्यांचे देश, एक तक्ता, दोन आलेख, निष्कर्ष. एका टेबलाशी बसून, एकाच डेटाबेसवरून असा लेख होतो. मराठी नियतकालिकं त्या डेटाबेसमध्ये जवळजवळ नाहीतच. म्हणून ती या संशोधनातही नाहीत, आणि ‘मराठीत संशोधन होत नाही’ हा निष्कर्ष पुन्हा याच मोजणीवरून काढायला आपण मोकळे.

विचारसरणीने फक्त नुकसानच होतं असं मात्र नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानभर वाचनालयं उभी केली. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव गेल्या. शिक्षण सर्वांना मिळालं पाहिजे, ही त्यामागे पक्की विचारसरणीच होती. रंगनाथन यांनी ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हा दुसरा नियम समजावताना गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष, शहर-खेडं असे भेद मोडण्याची भाषा केली आहे. आपण परीक्षेत पाच नियम पाठ म्हणून दाखवतो आणि या भागावर प्रश्न विचारत नाही. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या फोटोला हार घालतो, पण त्यांच्या धर्मवर्गाच्या क्रमावर चर्चासत्र भरवत नाही.

आणि जात? लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत पूर्वी ‘अस्पृश्य’ हे शीर्षक होतं, आता ‘दलित’ आहे. हा बदल झाला तो दलित चळवळीने आणि साहित्याने तो शब्द जगाला ऐकवला म्हणून. ड्युईत दलितांविषयीचा आकडा ३०५.५६८८. तो ज्या घरात बसतो ते ३०५.५६८ हे समाजापासून तुटलेल्या आणि वगळलेल्या वर्गांचं घर. आता एखादं मराठी दलित आत्मकथन हातात घ्या. ते कुठे ठेवाल? लेखकाचं चरित्र म्हणून ९२८ वर ठेवता येतं, मराठी साहित्य म्हणून ८९१.४६ वर, किंवा समाजशास्त्र म्हणून ३०५.५६८८ वर. तिन्ही जागा नियमांत बसतात. सवर्ण लेखकाच्या आत्मचरित्राच्या वेळी तिसरा पर्याय सहसा कुणाच्या डोक्यातही येत नाही. डोरोथी पोर्टर यांच्यापुढचा ३२६ चा प्रश्न हाच होता. एम.लिब.च्या वर्गात वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकाला हे एक पुस्तक द्यावं, आकडा लिहून घ्यावा आणि मग ‘हाच का?’ एवढं विचारावं. तासभर पुरेल इतकी चर्चा होईल, आणि ती कुठल्याही डेटाबेसमधून उतरवून घेतलेली नसेल.